दिवा मंद करायचाय, पण नळ कुठे बसवायचा?

नाशिकला पाथर्डी फाट्याला धाकट्या बहिणीने नवा फ्लॅट घेतला. हॉलला पीओपी, पीओपीच्या खाचेत लपवलेली एलईडीची पट्टी आणि बोर्डावर पंख्याच्या रेग्युलेटरशेजारी अगदी त्याच्याच जोडीचा दुसरा रेग्युलेटर. वास्तुशांतीच्या संध्याकाळी भाऊजींनी मोठ्या हौसेने तो चारावरून तीनवर आणला. उजेड तेवढाच. दोनवर आणला, तरी तेवढाच. एकवर आणला आणि सगळी पट्टी सेकंदाला एकदा पेटायला आणि विझायला लागली. बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, मांडवाची माळ लावलीत की काय?"

वायरमनला फोन केला. तो म्हणाला, "दादा, रेग्युलेटर एक नंबर आहे, पट्टीच खराब असणार." पट्टी बदलली. लुकलुक तशीच राहिली. कारण खराब काहीच नव्हतं. रेग्युलेटर चांगला होता, पट्टी चांगली होती, मधला अडॅप्टरही चांगला होता. फक्त तिघांना एका रांगेत उभं करताना क्रम चुकला होता.

मी सातपूरला कंट्रोल पॅनेलच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे नातेवाइकांचे असले फोन माझ्याकडेच येतात. आणि ते हल्ली वाढलेत. एक तर प्रत्येक नव्या घरात पीओपी आणि पट्टी असतेच. त्यात २०२७ चा सिंहस्थ तोंडावर असल्यामुळे ज्याच्याकडे दोन खोल्या जास्तीच्या आहेत तो त्या पाहुण्यांसाठी सजवायला निघालाय. सगळ्यांना हवा असतो तो हॉटेलातल्यासारखा मऊ, मंद उजेड. आणि बहुतेक ठिकाणी डिमर, म्हणजे उजेड कमीजास्त करणारा भाग, सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत घेतला जातो. घोळ तिथेच होतो.

आधी टाकी समजून घेऊ

आपल्या घरात वीज येते २३० व्होल्टची. पट्टी चालते १२ किंवा २४ व्होल्टवर. या कमी दाबाच्या दिव्यांनाच लो व्होल्टेज एलईडी म्हणतात. या दोघांच्या मधे जो पांढरा किंवा जाळीदार पत्र्याचा डबा असतो, त्याला कोणी अडॅप्टर म्हणतं, कोणी एसएमपीएस, कोणी ड्रायव्हर. मी पुढे ड्रायव्हरच म्हणेन.

ड्रायव्हर म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी समजा. गंगापूर धरणाचं पाणी महापालिकेच्या नळाला कधी जोरात येतं, कधी करंगळीएवढं येतं. पण बाथरूममधल्या नळाला धार कायम तेवढीच असते, कारण ती रस्त्यावरच्या पाइपातून येत नाही, टाकीतून येते. ड्रायव्हरचं काम तेच. बाहेरून २३० येवोत, २०० येवोत, अगदी १५० येवोत, आत पट्टीला १२ म्हणजे १२ व्होल्टच द्यायचे. कित्येक ड्रायव्हरच्या अंगावर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलंच असतं. वीज कमीजास्त झाली तरी दिवा हलू नये, यासाठीच तर तो बनवलाय.

आता भाऊजींनी काय केलं पाहा. त्यांना बाथरूमच्या नळाची धार कमी करायची होती आणि ते रस्त्यावरचा व्हॉल्व्ह पिळत बसले. व्हॉल्व्ह अर्धा बंद केला तरी टाकी भरलेलीच, म्हणून धार तशीच राहिली. व्हॉल्व्ह जवळजवळ बंद केला, तेव्हा टाकीत थेंब थेंब पाणी यायला लागलं. थोडी भरली की नळ सुरू, क्षणात रिकामी, नळ बंद, पुन्हा भरली की पुन्हा सुरू. सासूबाईंची मांडवाची माळ ती हीच.

पण मग जुना पिवळा बल्ब रेग्युलेटरवर कसा चालायचा?

हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. जुन्या बल्बमधे टाकी नव्हती, थेट तार होती. तार किती तापेल हे तिला मिळणाऱ्या विजेवर ठरायचं. वीज कमी केली की तार कमी तापायची आणि उजेड उतरायचा.

रेग्युलेटरचे प्रकारही तीन झाले. आपल्या लहानपणी भिंतीवर जो मोठा काळा डबा असायचा, त्यात प्रतिरोधाची तार असायची. पंखा हळू केला की उरलेली वीज त्या तारेत जळायची, म्हणून तो डबा गरम लागायचा. नंतर गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आला. त्यात ट्रायॅक नावाचा भाग असतो. आपली वीज सेकंदाला ५० वेळा खालीवर होते, म्हणजे लाटेचे १०० अर्धे तुकडे. ट्रायॅक प्रत्येक तुकड्याचा पुढचा भाग छाटून टाकतो आणि उरलेला पुढे सोडतो. ऊस सोलून शेंडा तोडावा तसं. तिसरा म्हणजे टकटक आवाज करत एक, दोन, तीन, चारवर जाणारा. त्यात कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून सोडणारे भाग, असतात. बहिणीकडे हाच होता.

तापलेल्या तारेला असले छाटलेले तुकडे चालतात, कारण शंभरावा भाग सेकंद वीज गेली तरी ती थंड होत नाही. एलईडीच्या ड्रायव्हरला मात्र या छाटणीचा अर्थच कळत नाही, जोपर्यंत तो मुद्दाम त्यासाठी बनवलेला नसेल. शिवाय ट्रायॅक सुरू राहायला थोडा तरी भार, म्हणजे पुढे वीज खाणारं काहीतरी, लागतं. जुने डिमर ४० किंवा ६० वॅटचा बल्ब गृहीत धरून केलेले. त्याला दहा वॅटची पट्टी लावली की तो मधेच सुटतो, पुन्हा पकडतो आणि दिवा थरथरतो.

सराफ बाजारातल्या एका शोकेसमधे मी याचा चुलतभाऊ पाहिला होता. पूर्वी तिथे दागिन्यांवर ५० वॅटचे हॅलोजन होते, १२ व्होल्टचे. वीज वाचवायची म्हणून त्याच खोबणीत पाच वॅटचे एलईडी बसवले आणि जुना इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर तसाच ठेवला. त्या ट्रान्सफॉर्मरला निदान २० वॅटचा भार लागायचा, तसं त्याच्यावर लिहिलंही होतं. बिचारा पाच वॅटवर अडखळत होता. मालकांनी तीनदा दिवे बदलले होते. ट्रान्सफॉर्मर कोणी उघडून पाहिला नव्हता.

नळ टाकीच्या नंतर

तर पट्टीसाठी सरळ उपाय असा: बोर्डावर साधं बटण ठेवा, ड्रायव्हरला पूर्ण २३० व्होल्ट जाऊ द्या आणि डिमर बसवा ड्रायव्हर आणि पट्टी यांच्या मधे, १२ किंवा २४ व्होल्टच्या बाजूला. नळ टाकीनंतर.

हा डिमर काम कसं करतो? तो व्होल्ट कमी करत नाही. तो पट्टी चालू-बंद, चालू-बंद करतो, सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा. शेतातला पंप अर्धा तास चालू आणि अर्धा तास बंद ठेवला तर दिवसाला निम्मं पाणी जातं, तसंच. चालू असताना धार पूर्ण जोरात, पण एकूण पाणी निम्मं. डोळ्याला प्रत्येक चालू-बंद वेगळं दिसत नाही, सरासरी दिसते. या पद्धतीला पीडब्ल्यूएम म्हणतात. दुकानात एवढी तीन अक्षरं सांगितली तरी पुरे.

मधे बसून व्होल्टच कमी केले तर?

करून पाहिलंय. १२ व्होल्टच्या पट्टीवर दर पाच सेंटिमीटरला जी कात्रीची खूण असते, तेवढ्या तुकड्यात तीन एलईडी एकामागे एक जोडलेले असतात आणि प्रवाह आवरणारा एक छोटा रेझिस्टर. पांढऱ्या एलईडीला पेटायलाच पावणेतीन-तीन व्होल्ट लागतात. तिघांचे मिळून झाले आठ-नऊ. म्हणजे शून्यापासून आठ व्होल्टपर्यंत पट्टी काळीकुट्ट आणि सगळा खेळ आठ ते बाराच्या चार व्होल्टांत. बारातला एक व्होल्ट काढला तर प्रवाह पाव ते तिसऱ्या हिश्शाने उतरतो. नॉब जरासा हलला की उजेड धपकन पडतो. त्यातून पट्टीच्या दूरच्या टोकाला आधीच व्होल्ट कमी पोचत असतात, त्यामुळे ते टोक आधी विझतं आणि खोलीचा एक कोपरा अंधारात जातो.

पीडब्ल्यूएममधे एलईडी पेटला की पूर्ण प्रवाहावरच पेटतो, म्हणून मंद उजेडातही पट्टीचा रंग बदलत नाही आणि दोन टोकांमधला फरक वाढत नाही.

पीडब्ल्यूएमची ही लुकलुक डोळ्याला दिसत नाही, मग बिघडलं काय?

दिसत नाही हे खरं, पण अर्धंच. मोबाइलचा कॅमेरा उघडून पट्टीकडे धरा. स्वस्त डिमर असेल तर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतील, कारण कॅमेरा चित्र एकदम टिपत नाही, ओळीओळीने टिपतो. काही ओळींच्या वेळी दिवा चालू असतो, काहींच्या वेळी बंद. कॅमेरा नसेल तर पेन्सिल बोटांत धरून भराभर हलवा. चांगल्या उजेडात तिची धूसर पंख्यासारखी आकृती दिसते. लुकलुकत्या उजेडात एकाऐवजी सात-आठ पेन्सिली सुट्या सुट्या दिसतात.

घरात याचा त्रास म्हणजे काहींचं डोकं जड होणं, वाचताना डोळे थकणं. कारखान्यात गोष्ट याहून गंभीर. लेथचा चक, म्हणजे लोखंडाचा तुकडा चार जबड्यांत धरून फिरवणारी चकती, मिनिटाला १५०० फेरे घेतो असं धरा. सेकंदाला २५ फेरे, प्रत्येक फेऱ्यात चार जबडे, म्हणजे सेकंदाला १०० वेळा एक जबडा त्याच जागी येतो. आणि दिवाही सेकंदाला १०० वेळा लुकलुकत असेल, तर दर वेळी उजेड पडतो तेव्हा जबडा तिथेच. फिरणारा चक डोळ्याला थांबलेला दिसतो. ट्यूबलाइटच्या काळात हे टाळायला शेडमधल्या ट्यूब तीन वेगवेगळ्या फेजवर वाटून लावत. मी नवखा असताना आमच्या जुन्या फिटरने मला हे समजावलं ते थिअरीने नाही. त्याने बंद पडलेला चक आणि फिरणारा चक शेजारी शेजारी दाखवला आणि विचारलं, "सांग, हात कुठल्याला लावशील?"

यावर आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने २०१५ साली १७८९ क्रमांकाची शिफारस काढली. दिवा पूर्ण चालू-पूर्ण बंद होत असेल, तर सेकंदाला १२५० च्या वर गेल्यास धोका कमी आणि ३००० च्या वर गेल्यास परिणाम जाणवण्याजोगा नाही, असा तिचा सारांश. सेकंदाला किती वेळा याला हर्ट्झ म्हणतात. तेव्हा डिमरच्या डब्यावर हर्ट्झचा आकडा शोधा. बाजारातल्या साध्या डिमरचा आकडा काही शेकड्यांत असतो, बऱ्याचदा छापलेलाच नसतो. न छापलेला डिमर मी बेडरूमसाठी घेत नाही, फ्रीजमागच्या पट्टीला चालेल.

वाढीव हर्ट्झचा एक तोटाही सांगतो. सेकंदाला हजार-दोन हजार हा वेग आपल्या कानाच्या टप्प्यात येतो. त्या वेगाने भार पडत-सुटत राहिला की ड्रायव्हरमधल्या कॉइली बारीक गुणगुणतात. दिवसा ऐकू येत नाही. रात्री अकराला, पंखा बंद असताना, उशाशीच ड्रायव्हर असेल तर डास समजून तुम्ही उठाल. उपाय एकच, ड्रायव्हर उशापासून लांब ठेवा.

छतातले गोल दिवे मात्र ठिबकवर चालतात

इथे एक फाटा फुटतो आणि इथेच सगळ्यात जास्त दिवे जळतात.

वर सांगितलं ते पट्टीचं. पीओपीत बसवलेले गोल डाउनलाइट, स्पॉट, सीओबी (एकाच चकतीवर दाटून बसवलेले एलईडी) यांचा ड्रायव्हर निराळा. त्याच्यावर १२ व्होल्ट असं लिहिलेलं नसतं, ३०० मिलिअँपिअर किंवा ७०० मिलिअँपिअर असं लिहिलेलं असतं आणि व्होल्टची जागा मोघम, २४ ते ४२ वगैरे. हा दाब ठरवत नाही, प्रवाह ठरवतो. द्राक्षबाग असलेल्याला हे चटकन कळेल. ठिबकमधे दाब सांभाळणारा ड्रीपर असतो, त्यावर तासाला चार लिटर लिहिलं असेल तर नळीत दाब थोडा कमीजास्त झाला तरी तो चारच लिटर सोडतो. हा ड्रायव्हर तसा. एलईडीला किती व्होल्ट लागतील ते लागोत, मी ३०० मिलिअँपिअरच सोडणार.

अशा ड्रायव्हरच्या पुढे पट्टीचा डिमर लावायचा नाही. डिमर वाट बंद करतो तेव्हा ड्रायव्हर हट्टाने व्होल्ट वाढवतो आणि वाट उघडली की तो सगळा लोंढा एलईडीत घुसतो. दिवा एकदम मरत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी मरतो. म्हणून कोणाला कारण कळत नाही. इथे ड्रीपरच बदलता येण्याजोगा हवा, म्हणजे मंद होण्याची सोय ड्रायव्हरच्या पोटातच असावी लागते. ड्रायव्हरवर ‘डिमेबल’ लिहिलेलं नसेल तर तो दिवा मंद होणार नाही. कितीही भारी डिमर आणा.

निरोप एक, काम दुसरं

आतापर्यंत आपण दिवा मंद कसा होतो ते पाहिलं. ‘मंद हो’ हा निरोप ड्रायव्हरपर्यंत कसा पोचतो, हा प्रश्न स्वतंत्र आहे. दुकानात या दोन्हींची खिचडी होते आणि गिऱ्हाईक गोंधळतं.

एक निरोप विजेच्या तारेतूनच जातो. वर सांगितलेली ट्रायॅकची छाटणी पाहून ‘किती छाटलंय’ हे ओळखणारे ड्रायव्हर मिळतात. त्यांच्यावर ट्रायॅक-डिमेबल किंवा फेज-कट लिहिलेलं असतं. घर बांधून झालंय, भिंती फोडायच्या नाहीत, नवी तार टाकायला जागा नाही, अशा वेळी हाच मार्ग. फक्त डिमर लाटेचा पुढचा भाग छाटणारा आहे की मागचा, हे ड्रायव्हरच्या कागदाशी जुळवून घ्या. एलईडीला बहुधा मागचा छाटणारा मानवतो, कारण त्यात वीज धक्क्याने सुरू होत नाही.

दुसरा निरोप दोन जादा बारीक तारांतून, शून्य ते दहा व्होल्टच्या रूपात. दहा म्हणजे पूर्ण उजेड, एक म्हणजे तळाचा. ऑफिसच्या चौकोनी पॅनेल दिव्यांत हा सर्रास असतो आणि मला तो आवडतो, कारण वायरमनला मीटरशिवाय तपासता येतो. दोन्ही तारा मोकळ्या सोडल्या की दिवा पूर्ण पेटला पाहिजे, एकमेकींना टेकवल्या की तळाला गेला पाहिजे. झालं तसं, तर ड्रायव्हर ठीक आहे, गडबड भिंतीवरच्या नॉबमधे किंवा वाटेत. या पद्धतीत दिवा बऱ्याचदा पूर्ण विझत नाही, त्यासाठी बटण वेगळं ठेवावं लागतं. आणि तारांत अधिक-उणे उलटं करून चालत नाही.

तिसरा निरोप डाली. आंब्याची नव्हे. ही दिव्यांची आकडी भाषा, आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६२३८६. दोन तारांच्या एका जाळ्यावर ६४ ड्रायव्हर, प्रत्येकाला आपला पत्ता, १६ गट, १६ ठरवून ठेवलेले देखावे, म्हणजे कुठला दिवा किती उजेडात याच्या तयार मांडण्या. हॉटेल, मंगल कार्यालय, मोठं ऑफिस असेल तर हिला तोड नाही. कारण कुठला दिवा कुठल्या बटणावर हे नंतर भिंत न फोडता बदलता येतं. दोन बेडरूमच्या फ्लॅटला हिची गरज नाही, कोणी गळ्यात मारत असेल तर नमस्कार करून सुटा. एक सावधगिरी: डालीच्या तारांत जेमतेम १६ व्होल्ट असतात म्हणून त्या निर्धास्त हाताळायच्या नाहीत. २३० व्होल्टपासून त्यांना वेगळं ठेवणारं आतलं इन्सुलेशन पूर्ण सुरक्षिततेच्या दर्जाचं धरलेलं नाही. २३० च्या तारेइतकाच मान त्यांना द्यायचा.

नाट्यगृहातल्या रंगमंचावरच्या दिव्यांची डीएमएक्स ही आणखी निराळी भाषा, एका तारेवर ५१२ वाटा. घरात तिचं काम नाही.

आणि चौथा निरोप हवेतून, रिमोट, ब्लूटूथ, वायफाय. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. ‘स्मार्ट डिमर’ ही मंद करण्याची वेगळी पद्धत नाही. त्या डबीच्या आत तोच पीडब्ल्यूएम, तेच हर्ट्झ. मोबाइलवरून चालतो म्हणून लुकलुक कमी होत नाही. घेताना एवढं विचारा, वीज जाऊन आली की हा काय करतो? आपल्याकडे रात्री वीज जाते आणि तीन वाजता येते. काही डब्या वीज येताच पूर्ण उजेडात पेटतात आणि झोपलेलं घर उठवतात. जुनी स्थिती लक्षात ठेवणारा घ्यावा.

अर्धा उजेड म्हणजे किती?

डिमर ५० टक्क्यांवर आणला तरी खोली निम्मी अंधारलेली वाटत नाही. तक्रार ठरलेली, "डिमर नीट काम करत नाही." करतो. आपला डोळाच सरळ हिशेबाचा नाही. मीटरवर चौथाई उजेड उरतो तेव्हा डोळ्याला तो निम्मा वाटतो. मीटरवर दहावा हिस्सा उरतो तेव्हा डोळा म्हणतो, तिसरा हिस्सा आहे. म्हणून सरळ हिशेबाचा डिमर वरच्या अर्ध्या फेऱ्यात फारसं काही करत नाही असं वाटतं आणि शेवटच्या बोटभर जागेत सगळा अंधार एकदम येतो.

चांगल्या डिमरमधे डोळ्याला जुळवून घेणारी चढण बसवलेली असते, डालीत ती मुळातच आहे. आणि पायऱ्या किती हेही पाहा. एकूण २५६ पायऱ्यांच्या डिमरमधे सर्वांत खालच्या पायरीवरून दुसरीवर गेलं की उजेड एकदम दुप्पट होतो आणि ती उडी रात्री स्पष्ट दिसते. देवघरात किंवा बाळाच्या खोलीत अगदी मिणमिणता उजेड हवा असेल, तर डिमर किती खाली जातो हा पहिला प्रश्न असावा. दहा टक्क्यांवर थांबणारा डिमर रात्रीच्या दिव्याचं काम करू शकत नाही.

रंगाचं मात्र कुठलाच साधा डिमर काही करत नाही. आजी कंदिलाची वात खाली करायची तेव्हा उजेड कमी व्हायचा आणि तांबूसही व्हायचा. जुना बल्बही मंद केला की पिवळट-तांबडा व्हायचा. त्या उबेची आपल्याला सवय आहे. एलईडी मंद झाला तरी पांढरा असेल तर पांढराच राहतो आणि मंद पांढरा उजेड दवाखान्यासारखा उदास दिसतो. ऊब हवी असेल तर सुरुवातीलाच पिवळसर, २७०० किंवा ३००० केल्व्हिनची (हे उजेडाच्या रंगाचं माप) पट्टी घ्या. नाहीतर पांढरी आणि पिवळी असे दोन्ही एलईडी असलेली तीन तारांची पट्टी आणि तिच्यासाठी दोन वाटांचा डिमर.

वीज वाचते का?

वाचते. पीडब्ल्यूएमने निम्मी केलेली पट्टी जवळजवळ निम्मीच वीज खाते, जुन्या काळ्या डब्यासारखी ती कुठे जळत नाही. पण आकडा लहान आहे. मीटरला ९.६ वॅटची दहा मीटर पट्टी म्हणजे ९६ वॅट. ती रोज चार तास निम्म्यावर ठेवली तर महिन्याला पावणेसहा युनिट वाचतात. बिलासाठी डिमर घेऊ नका. हो, पट्टी कमी तापते, त्यामुळे जास्त टिकते, हा फायदा खरा.

शेवटच्या झाडाला पाणी

ठिबकची नळी लांब झाली की शेवटच्या झाडाला पाणी कमी पडतं. पट्टीचंही तेच. वरचीच दहा मीटर, ९६ वॅटची पट्टी १२ व्होल्टवर ८ अँपिअर खेचते. ड्रायव्हर पाच मीटर लांब असेल, तर दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जाऊन-येऊन सुमारे एक व्होल्ट वाटेतच संपतो आणि एक व्होल्टाने काय होतं ते वर पाहिलंच. तीच पट्टी २४ व्होल्टची घेतली तर प्रवाह ४ अँपिअर आणि गळती अर्धा व्होल्ट, तीही चोविसातली. म्हणून पाच मीटरच्या पुढे २४ चीच घ्या, असं मी हट्टाने सांगतो. शिवाय पट्टीला दोन्ही टोकांकडून वीज द्या.

डिमरवर अँपिअर लिहिलेले असतात, त्यांच्या काठावर चालू नका. ८ अँपिअरच्या पट्टीला ८ चा डिमर म्हणजे तीन माणसांच्या बाकावर तीन पैलवान. ड्रायव्हरही ९६ वॅटला १२० चा घ्यावा. आणि कमी व्होल्ट म्हणजे आग लागत नाही, हा समज काढून टाका. ८ अँपिअर सैल स्क्रूमधून गेले की तो स्क्रू तापतो, व्होल्ट कितीही असोत. मी पीओपीतून काढलेल्या एका कनेक्टरचं प्लॅस्टिक गुळासारखं वितळलेलं होतं.

ड्रायव्हर आणि डिमर पीओपीत गाडून टाकू नका. एप्रिल-मेच्या नाशिकच्या उन्हात छताखालची ती पोकळी भट्टी होते आणि ड्रायव्हरमधले कपॅसिटर उष्णतेनेच लवकर म्हातारे होतात. माळ्यावर, कपाटाच्या वर, हात पोचेल अशा जागी ठेवा. पीओपी करण्याआधीच तिथपर्यंत दोन बारीक तारा जादा ओढून ठेवा. आज लागल्या नाहीत तरी राहू द्या. उद्या शून्य ते दहा किंवा डाली करायचं ठरलं, तर त्याच उपयोगी पडतील.

बहिणीकडे शेवटी काय केलं

वायरमनला बोलावलं. त्याला टाकी आणि नळ सांगितलं, तर तो हसून म्हणाला, "दादा, हे आधी सांगितलं असतं तर मी रस्त्यावर व्हॉल्व्ह कशाला बसवला असता!" खरं तर त्याचा दोष नव्हता. घरमालकाने ‘डिमर लाव’ एवढंच सांगितलेलं, आणि दुकानदाराने जे दिलं ते त्याने लावलं.

ड्रायव्हर सुदैवाने माळ्यावरच होता. बोर्डावर रेग्युलेटरच्या जागी साधं बटण आलं. ड्रायव्हर आणि पट्टीच्या मधे १५ अँपिअरचा, डब्यावर हर्ट्झ छापलेला डिमर बसला आणि त्याचा रिमोट दाराशेजारी भिंतीला चिकटवला. छतातल्या चार गोल दिव्यांचे ड्रायव्हर डिमेबल नव्हते, ते तसेच ठेवले. तास-दीड तासाचं काम. सासूबाईंनी स्वतः रिमोट हातात घेऊन पट्टी अगदी तळाला नेली, मग समईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आता समई दिसतेय."

काढलेला रेग्युलेटर गॅलरीतल्या पंख्याला लावला. तिथे तो झकास चालतो.